देव्हाऱ्यातलं रोमचं नाणं

परळीत माझं तांब्या-पितळेच्या मोडीचं दुकान हाय. तिथं रोज म्हाताऱ्यांची बैठक बसते. मोड वितळवून विकता येते, किश्श्यांना गिऱ्हाईक न्हाई! म्हणून ते साठतात. हे सगळे एकाच नाण्याचे.

बैठकीतला किसन थोरला, दगडू धाकटा. भावाभावांच्या वाटण्या झाल्या. रीत अशी की देव थोरल्याच्या घरी जातात. पण देव्हाऱ्यात मुखवटा उमटलेला एक गोल तुकडा होता. दगडूच्या बायकोला, सखूला तो रानात खुरपताना सापडलेला. म्हणली, "मी पुजला, मीच नेणार."

किसन म्हणला, "देव हाय, माझ्याकडंच येणार."

मी म्हणलं, "देव कशाचा बे? नाणं हाय!"

झालं! आता नाणं का देव, हे फायनल करणं आलं.

*

आधी सोनाराला दाखवलं. कसाला लावून म्हणला, "सोनं न्हाई."

"ते शेंबडं पोरगंबी सांगंल! मंग काय हाय?"

"सोनं न्हाई म्हणल्यावर माझं काम संपलं!"

*

मंग रिटायर गुरुजी आले. न बघताच म्हणले, "शिवराई."

मी म्हणलं, "शिवराईवर चेहरा असतो का?"

"मी जन्मभर इतिहास शिकवलाय!"

"तरीच पोरं अशी निघाली!"

*

रफीकचाचा निजामाचे पैसे ओळखण्यात वस्ताद. त्यांनी भिंग लावलं अन् हसायलाच लागले. "अरे, याच्या डोक्याला पाला बांधलाय! आमच्या निजामाला मुकुट परवडत होता!"

*

शेवटी संभाजीनगरहून कॉलेजच्या मॅडम आल्या. जुन्या नाण्यांचाच अभ्यास त्यांचा. बघितल्या बघितल्या म्हणल्या, "रोमचं हाय. ब्राँझ, म्हणजे आपलं कासं. व्यापारातून आलेलं असणार."

"मी काय म्हणत होतो? नाणं!" मी मांडीवर थाप मारली. निकाल ऐकायला आलेल्या सखूनं घ्यायला हात पुढं केला.

"थांबा," मॅडम म्हणल्या, "हे राजा मेल्यावर काढलेलं हाय. त्यांच्यात मेलेल्या राजाला देव मानायचे. इथं तसं लिहिलंय बघा."

मी म्हणलं, "मॅडम, तुमी च्या घ्या ना गुमान!"

पण किसननं नाणं उचलून कपाळाला लावलंबी. "बघा! देवच निघाला!"

सखूनं पदर खोचला. "दादा, आंथरुणाला खिळलेले मामंजी कुणाच्या वाटणीत आले?"

किसन पुटपुटला, "तुमच्या."

"मंग जित्ता बाप धाकट्याकडं, अन् मेलेला राजा थोरल्याकडं व्हय?"

किसननं नाणं तिच्या पुढ्यात ठेवलं, अन् च्या तसाच टाकून चालता झाला.