दहा यार्डांची साखळी आणि मुकुंदकाका

मुकुंदकाका चांदेकर पंचाहत्तर वर्षांचे झाले, तेव्हा त्यांच्यावर चार गोड शब्द लिहा, असं या गौरवग्रंथाच्या संपादकांनी कळवलं. गोडच लिहायला बसलो होतो. पण जुने कागद काढताना आमच्या फुटबॉल संघाची स्मरणिका हाती आली आणि माझं डोकं फिरलं.

न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी नोकरीसाठी नागपूरहून अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला आलो. काका इथल्या मोटारींच्या कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासत. ओळख झाली त्याच शनिवारी ते मला मैदानावर घेऊन गेले. चेंडू हातात धरून पळायचा तो अमेरिकन फुटबॉल. संघ छोट्या लीगमधला, खेळाडू एरवी ट्रक चालवणारे, छपरं घालणारे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, आणि गेले की नाही हे दोन खांबांना बांधलेल्या साखळीनं मोजायचं. मागचा खांब काका धरत. पुढचा त्यांनी माझ्या हाती दिला. परक्या गावात मला माझी म्हणावी अशी जागा मिळाली ती त्यांच्यामुळे.

साखळीची एक कडी उघडून ती लांब झाल्याचं काकांनीच हेरलं. त्यांनी ती घरी नेऊन नीट केली. प्रशिक्षक हसले, इतकी वर्षं कुणाला कळलं नव्हतं म्हणाले. काकांनी विचारलं, "कळलं नाही म्हणून ती बरोबर होती का?" आपल्या इथल्या मराठी मंडळातले शहाणेही त्यांना 'साखळीवाले' म्हणून हिणवत. त्यातले काही आज या ग्रंथाच्या समितीवर आहेत.

संघ एकदाच अंतिम सामन्यात पोचला. आमचा शेवटचा प्रयत्न झाला, पंचांनी मोजायला बोलावलं. धावताना प्रशिक्षक माझ्या कानाशी लागले: साखळी जरा सैल ठेव, म्हणजे खांब अलीकडे राहील. मी ठेवली. मलाही जिंकायचं होतं. पंच वाकले, तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला, "निखिल, ताणून धर. सैल सोडू नकोस."

मराठीत, म्हणजे माझी लबाडी कुणाला कळू नये. मी साखळी ओढली. चेंडू तीन बोटं कमी पडला, आम्ही हरलो. त्याला काय सांगितलंस, म्हणून प्रशिक्षक काकांच्या अंगावर धावून आले. काका म्हणाले, "ओढायला सांगितलं." माझ्याबद्दल अवाक्षर नाही. पुढच्या हंगामात त्यांना कुणी बोलावलं नाही.

संघ बंद पडताना ही स्मरणिका निघाली. तिच्यात संघाचा सगळा इतिहास आहे, पॉपकॉर्न विकणाऱ्याचंसुद्धा नाव आहे. काकांचं नाही. त्यांच्यावर एकच ओळ आहे: अंतिम सामन्यात आपल्याच माणसानं घात केला. सरळ मोजण्याला घात म्हणणाऱ्यांची मला चीड येते. त्याच पानावर 'निष्ठावान सहकारी' म्हणून माझा फोटो आहे. त्या पुढच्या हंगामात मला बोलावणं आलं होतं, आणि मी गेलो होतो. काकांचाच खांब धरला होता. नंतर त्यांच्या घरी गेलो, तर काकूंनी पोहे दिले आणि काकांनी एवढंच विचारलं, "नवा माणूस साखळी नीट धरतो ना रे?"

काकांना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभो. त्या दिवशी घात करणारा मी होतो, ते नव्हेत. संपादकांना विनंती, की ही ओळ गाळू नये.