कायदा नवा, गिऱ्हाईकं आमचीच

परभणीत कामगार कायद्याचा सल्लागार म्हणून बसलं की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. ते जिना चढून आपणच वर येतात. दिल्लीत कायदा बदलतो, आणि तो आमच्याकडं पोचायच्या आत त्याला चकवायची युक्ती येऊन बसलेली असते! गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं, "साहेब, नवीन काय आलंय?" मी समजावून सांगतो. मग दुसरा प्रश्न, "आता ह्याच्यातून निघायचं कसं?" ऐकताना हसू येतं. घरी जेवायला बसलो की मात्र येत नाही.

* * *

भगवानराव कापसाच्या जिनिंग मिलचे मालक. त्यांना म्हणलं, आता प्रत्येक कामगाराला लेखी नेमणूकपत्र द्यावंच लागतंय. त्यांनी मान डोलावली. पुढच्या खेपेला आले ते खुशीतच.

"दिलं साहेब समद्यांना लेटर! कायदा म्हंजे कायदा."

मला खरंच बरं वाटलं. चहा मागवला.

"आन् त्याच वक्ताला राजीनाम्यावर बी सह्या घेऊन ठेवल्या. तारीख तेवढी मोकळी सोडलीय."

मी म्हणलं, अहो, हे टिकणार नाही. तर तेच नाराज झाले.

"तुमीच म्हणले ना साहेब, समदं लेखी पायजे म्हणून!"

* * *

ह्याच भगवानरावांना कळलं, की आता बायांनाही रात्रपाळीला लावता येतं. अट एवढीच, की त्यांची संमती पाहिजे आणि ने-आण करायला गाडी पाहिजे. त्यांनी मला मिलमध्येच बोलावलं. बाया अंगणात बसल्या होत्या. मीही उत्साहात बोललो. "कुणावर जबरदस्ती नाही. तुमची मर्जी असेल तरच!"

राणीसावरगावची चंद्रकला म्हणून एक बाई होती. तिनं विचारलं, "न्हाई म्हणलं तं?"

भगवानराव हसले. "न्हाई म्हणलं तं काहीच न्हाई. दिवसपाळी बंद करायलोय, एवढंच!"

सगळ्यांनी संमती दिली. गाडी म्हणून कापसाचाच टेम्पो दाखवला. सही करून उठताना चंद्रकला मला म्हणाली, "तुमचा कायदा लय चांगला हाय साहेब. इचारतो तरी."

* * *

आमच्या एका सराफाला जाहिरातीचे मेसेज पाठवायचा भारी नाद. त्याला सांगितलं, आता लोकांचे नंबर असे वापरता येणार नाहीत, परवानगी घ्यावी लागेल. त्यानं लगेच सगळ्यांना मेसेज टाकला: "आपली परवानगी आहे असे समजतो. नसल्यास दुकानात येऊन कळवावे."

आणि एक बाई खरंच आली! चारठाण्याहून, दोन गाड्या बदलून. मी तेव्हा तिथंच बसलो होतो.

"आमच्या ह्यांच्या वाढदिवसाला तुमचा मेसेज येतो," ती म्हणाली. "दीर्घायुष्य लाभो म्हणून. ते वारले हो. फोन माझ्याजवळ असतो. तेवढं बंद करा."

सराफानं माझ्याकडं बघितलं. अर्धाच कायदा त्याच्या डोक्यात बसला होता. "काढतो वहिनी. पण ज्याचा नंबर त्यानंच येऊन सांगावं लागतंय ना, साहेब?"

मी तोंड उघडायच्या आत ती बाई उठली. "मंग बोलवा त्यांनाच. आले तं मला बी कळवा."

* * *

कोचिंग क्लासवाल्यांनाही आता कायद्यानं आवळलंय. खोटे निकाल छापायचे नाहीत, पोराचा फोटो लावायचा तर त्याची लेखी संमती घ्यायची. आमच्या एका क्लासवाल्या सरांच्या फ्लेक्सवर जिंतूरकडचा एक पोरगा झळकत होता. खाली लिहिलेलं 'भावी डॉक्टर'. त्याला कुठंच प्रवेश मिळाला नव्हता. पुण्यात तो एका गोदामात पार्सलं भरायचा.

सर घाबरले. म्हणाले, फ्लेक्स उतरवतो आणि बापाची माफी मागतो. माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर टाकला. सरांनी सगळं सांगितलं. आता शिव्या ऐकायच्या, म्हणून आम्ही दोघं तयारीत.

"सर," बाप हळूच म्हणाला, "पोराची सोयरीक होईस्तोवर ऱ्हाऊ द्या की तो फ्लेक्स."

* * *

आता शेवटचा. कापडाच्या एका मोठ्या दुकानाला महिला तक्रार समिती नेमून ती ऑनलाइन नोंदवायची नोटीस आली. मालक हुशार. बायको सुमनबाई पगारपत्रकावर होतीच, तिला अध्यक्ष केलं. एक सेल्सगर्ल, एक कॅशियर, आणि बाहेरचा सदस्य म्हणून मी. "घरचीच कमिटी हाय साहेब, ताप न्हाई!"

महिना-दोन महिन्यांत तक्रार आली. पोखर्णीहून रोज एसटीनं येणारी दुसरी सेल्सगर्ल अर्चना, आणि तक्रार मॅनेजरवर. मॅनेजर म्हणजे मालकाचा धाकटा भाऊ, सुमनबाईंचा दीर. मालकाचा मला फोन, "मिटवून टाका."

दुकानाच्या माडीवर बसलो. सुमनबाई डोक्यावर पदर घेऊन खाली बघत होत्या. अर्चना अडखळत बोलली. "साड्या काढाय गोडाऊनमधी पाठवतेत. मागून येतेत. दार लावून घेतेत."

कॅशियर म्हणाला, "गैरसमज झाला असंल."

सुमनबाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. "दार लावल्यावर लाईट बंद करतो का गं?"

पोरगी दचकली. "हो. पण तुमाला कसं..."

"लिहा साहेब," सुमनबाई म्हणाल्या. "तक्रार खरी हाय. कामावरून काढा त्याला." आणि सगळ्यांच्या आधी सही केली.

मालक खवळला, आदळआपट केली. पण समितीचा निर्णय लेखी होता, मीही हललो नाही. मॅनेजरला दुकान सोडावं लागलं. अर्चना अजून तिथंच कामाला आहे.

त्या दिवशी सह्या झाल्यावर मी जिना उतरत होतो. सुमनबाई मागून आल्या. खाली मालक उभा होता, म्हणून आवाज अगदी बारीक केला.

"साहेब, ही कमिटी निस्ती दुकानालाच लागू हाय, का घराला बी?"