सोन्यातून दिसलेलं हिरवं ऊन

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर रानात पांगलेल्या मेंढरांसारखं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीत शाळा सुटली. पण विद्यापीठातला तो दिवस आठवला की अजून छाती धडधडते, म्हणून लिहिते.

नामांतराच्या आंदोलनाचा काळ होता. गेटवर मोर्चे, शहरात बंद, कचेऱ्या कधी उघड्या कधी मिटलेल्या. मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचा धुवायला होते. तिथं संशोधन करणारा एक मुलगा होता, लासूर स्टेशनकडचा. मी कुणाशी फार बोलत नसे, पण काचांमुळं त्याच्याशी बोलणं व्हायचं. धुतलेल्या काचेवर तो तोंडाची वाफ सोडायचा. वाफ सगळीकडं सारखी धरली तर काच स्वच्छ, नाहीतर परत माझ्याकडं.

काचेवर ॲल्युमिनियमचा थर, त्यावर गंजासारखा एक थर आणि सगळ्यात वर सोनं, असं त्याचं काम होतं. मधला थर इतका पातळ की केसाच्या जाडीत तसे हजारो बसतील. त्यातून वीज जायला नको, तरी थोडी जातेच, असं तो सांगायचा.

"भोक असंल बारीक," मी म्हणाले.

"भोक असलं तर प्रयोग फसला, मावशी. भोक नसतानाच गेली पाहिजे."

मुंबईहून एक सर येणार होते. नमुना जमला तर तो मोजायला घेऊन जाणार होते. पण सोन्याची तार संपली होती आणि बंदमुळं शिष्यवृत्ती अडकलेली. आता जमलं नाही तर हे सोडून वाळूजच्या कारखान्यात लागतो, म्हणाला. नोकरी काही वाईट नव्हती. आमचे मालकही कारखान्यातच होते. पण पोराचं तोंड बघवत नव्हतं.

माझी भिशी नुकतीच लागली होती. घरावर पत्रे टाकायचे होते. ते पैसे पोराला सोन्यासाठी देऊ का, असं मालकांना विचारलं तर ते हसले.

"लोक सोनं घेऊन पेटीत ठिवतात. तुझा पोरगा त्याची वाफ करणार. दे, पण गळाया लागलं तर मला उठवू नको."

पोरगा पैसे घेईना. मी पैसे काचांच्या ट्रेमध्ये ठेवले आणि धुवायला निघून गेले.

सराफ्यातून बोटभर तार आली. मोठ्या काचेच्या घुमटातली हवा पंपानं ओढून घेतली, तार तापली आणि वाफ होऊन काचांवर बसली. बाहेर काढलेली एक काच त्यानं माझ्या डोळ्यांपुढं धरली. वरून सोनं पिवळंच होतं, पण नुसतं सोनं बसलं होतं तिथून आरपार बघितलं तर खिडकीतलं ऊन हिरवं. मी लाज विसरून मोठ्यानं हसले.

मग मोजणी. पहिल्या काचांवर काटा एकदम टोकाला जाऊन आदळला. भोकं पडली होती. उरलेल्या काचेला त्यानं तारा जोडल्या आणि वीज हळूहळू वाढवत नेली. काटा थोडा हलला, थांबला, मग चढत गेला, आदळला मात्र नाही.

"आली," तो कुजबुजला. "मावशी, भोक नसलेल्या भिंतीतून आली."

"परत दाखव की."

त्यानं परत दाखवलं, आणि परत.

सरांनी नमुना नेला. चांगला निघाला, असं मुंबईहून कळलं आणि कारखान्याचं नाव मागं पडलं. शिष्यवृत्ती तुकड्यातुकड्यानं सुटत गेली, तसा तोही थोडे थोडे पैसे द्यायचा. शेवटची रक्कम घेऊन आला तेव्हा माझे हात ओले होते. नोटा त्यानं खिडकीत ठेवल्या, वर वजन म्हणून एक कोरडी बाटली ठेवली आणि म्हणाला, "मोजून घ्या मावशी, आता काही राहिलं नाही." मी हात पुसून मोजले. सगळे फिटले होते.