शिलालेख बघायला नेतो, आई!

आईला मी सहलीला दफनभूमीत नेलं, ते केवळ तिला खूश करण्यासाठी.

पुण्याहून आल्यापासून तिची एकच तक्रार. बिशानच्या आमच्या कॉन्डोच्या बाल्कनीत चहा पिता पिता म्हणायची, "सगळं कसं कालच रंगवून ठेवल्यासारखं! तुमच्या या सिंगापूरला जुनं असं काही नाहीच का रे?" जणू मी पुण्याचा इतिहास सोडून पळालेला फितूर! परत जाण्याआधी तिच्या तोंडून एकदा तरी 'वा!' ऐकायचंच, असा मी चंग बांधला. शोधता शोधता एक जुनी चिनी दफनभूमी सापडली. झाडीतली छोटीशी पायवाट आणि हे शहर वसवणाऱ्या पहिल्या पिढीची कोरीव अक्षरांची थडगी. 'थडगी' हा शब्द मी गाळला. (मॅनेजर माणूस! वाईट बातमी गाळूनच सांगायची सवय.)

"आई, शिलालेख बघायला नेतो. छोटासा ट्रेक!"

बायकोला नेमकं शनिवारी पाया लेबारच्या ऑफिसात काम निघालं. सुज्ञ बाई! उरलो आम्ही तिघं: आई, आठ वर्षांची लेक सई आणि मी, म्हणजे इतिहासतज्ज्ञ.

पहिल्याच दगडापाशी आईने विचारलं, "काय लिहिलंय रे?"

मला चिनी भाषा मेनू वाचण्यापुरतीही येत नाही. "या गृहस्थांनी... पूल बांधला," मी ठोकून दिलं. पुढच्याने शाळा काढली, त्याच्या पुढच्याने धर्मशाळा. तासाभरात मी निम्मं सिंगापूर बांधून काढलं!

"पपा, व्हाय गॉट फोटो वन?" सईने आपल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारत दगडावरच्या फोटोकडे बोट दाखवलं.

"सत्कार झाला होता त्यांचा. चल पुढे!"

"बट एव्हरीबडी ऑल्सो गॉट, लाह!"

ऊन चढलं. एका थडग्यापुढे फरशीचं छान अंगण होतं, भोवती कट्टा. मी बैठक मारून दशम्यांचा डबा उघडला. आई उभीच.

"मला नको, तुम्ही खा," असं म्हणून तिने एक दशमी पानावर ठेवून दगडापुढे सरकवली. "त्यांच्याच अंगणात बसून त्यांना सोडून कसं खायचं?"

देऊळ समजली बिचारी! मला तिची दया आली. त्या भरात दोन दशम्या जास्तच गेल्या.

घरी परतलो तो विजयी वीरासारखा. पण आई लिफ्टकडे न वळता थेट स्विमिंग पूलकडे गेली आणि काठावरच्या शॉवरखाली साडीसकट उभी राहिली. पोहणारे पोहायचे थांबले. सिक्युरिटी अंकल धावत आले.

"आई, अगं काय करतेस हे!"

"आंघोळ. तूही ये. मसणातून आलेलं कोणी तसंच घरात शिरतं का?"

"तुला... कधी कळलं?"

"पहिल्याच दगडापाशी. वर फोटो, खाली दोन सालं. पूल बांधला म्हणे!"

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुलाच माहीत नाही. लहानपणी मसणावरून जाताना डोळे मिटून माझा पदर धरायचास. म्हटलं, कळलं तर तिथेच हातपाय गाळेल, मग या घोड्याला उचलून कोण आणणार?"

मी मुकाट्याने बुटांसकट शॉवरखाली गेलो.

संध्याकाळी आई फोनवर मावशीला सांगत होती, "जुनं काही नाही गं इथे. पण आमच्या चिरंजीवांच्या थापा मात्र ऐतिहासिक!"

"वा!" स्पीकरवरून मावशीची दाद मला थेट बाथरूमपर्यंत ऐकू आली. मी तेव्हा दुसऱ्यांदा आंघोळ करत होतो.