यंत्राचे दहा, तिचे चार

ब्राउझरवरून होणाऱ्या कॉलचा आवाज तपासणे हे तिचे काम. एका खोलीतून ध्वनिमुद्रित वाक्य सोडायचे, शेजारच्या खोलीत हेडफोन लावून ते ऐकायचे आणि स्पष्टतेला दहापैकी गुण द्यायचे. गुण यंत्रही देई. पण अखेरचा निवाडा तिच्या कानाचा.

अलीकडे मात्र प्रत्येक वाक्याचा शेवट तिला विझत गेल्यासारखा ऐकू येऊ लागला. यंत्र तर पैकीच्या पैकी गुण देत होते. दोष आपल्याच कानांत असावा, असे तिला वाटले. वडिलांना याच वयात ऐकू येईनासे झाले होते, आणि कान गेले तर या नोकरीवर पाणीच सोडावे लागणार. ती कोणाजवळ काही बोलली नाही.

शेवटी न राहवून तिने थोरल्या बहिणीला त्याच कॉलवर घेतले.

"ताई, नीट ऐकू येतंय ना माझं?"

"येतंय की. पण तू दर वाक्याला विहिरीत का उतरतेस? सुरुवात खणखणीत आणि शेवट तळाशी. लहानपणी तर तुझं तोंड बंद करायला अख्खं घर लागायचं."

तिने डोळे मिटून दीर्घ श्वास सोडला. मग शोध घेतला, तेव्हा कळले की कॉलमधली गोंगाट गाळण्याची नवी सोय उतरत्या स्वरालाही गोंगाट समजून गाळत होती, आणि गोंगाट उरला नाही म्हणून यंत्र पूर्ण गुण देत होते.

"एवढा बिघाड निघालाय, सगळं पुन्हा तपासायचंय, आणि तू हसतेस काय?" शेजारचा सहकारी वैतागून म्हणाला.

"बिघाड निघाला म्हणूनच," ती म्हणाली, आणि यंत्राच्या दहांशेजारी तिने आपले चार गुण ठळकपणे नोंदवले.