शेंदराखालचं इंजीन

गुलाब राठोड वारल्याचं मला बोरी अरबच्या बाजारात कळलं. मी कांदे निवडत होतो, तेवढ्यात त्याच्या तांड्यातल्या एका ट्रकवाल्यानं खांद्यावर हात ठेवला. "किसनभाऊ, मिस्तरी वारला ना गा. छातीत कळ आली, अन् मोटारीखालून निघालाच नाही." कांदे तिथंच टाकून मी एका पोत्यावर बसलो आणि लोकांदेखत ढसाढसा रडलो. आज महिना उलटला. आता जरा निवांतपणे त्याच्याबद्दल लिहिता येईल असं वाटतं...

दारव्ह्याच्या मराठी शाळेत आम्ही शेजारी बसायचो, अर्थात मागच्या ओळीत. पुढे मी जिनिंगच्या बॉयलरवर लागलो आणि तो मोटारींचा मिस्त्री झाला. माणूस भारी बढाईखोर. इंजिनाचा आवाज ऐकून मालकाच्या बायकोचं माहेर सांगतो म्हणायचा. चुकायचाही छातीठोकपणे, आणि चूक दाखवली की, "मीच म्हटलं होतं तुले," असं उलट आपल्यालाच ऐकवायचा. पण बापाचा विषय निघाला की ही एवढी मोठी जीभ टाळूला चिकटायची.

बाप ह्याच जिनिंगच्या जुन्या मालकाची प्रवासी मोटार चालवायचा. राठोडांच्या कैक पिढ्या बैलांवर माल लादून मुलूखभर फिरलेल्या. मोटार हाती धरणारा तांड्यातला तो पहिला. पुढे ती मोटार बंद पडली, भंगारात निघाली, तेव्हा आत इंजीनच नव्हतं. बोभाटा झाला, की राठोडानं ते पैनगंगेपलीकडे निजामाच्या मुलखात विकलं. बापानं शपथा घेतल्या, कोणी ऐकलं नाही. तो आळ डोक्यावर घेऊनच तो मेला. शाळेत पोरं गुलाबला 'इंजीनचोर' म्हणायची. सोयरीक जुळवतानाही कोणीतरी तेच उकरून काढायचं. तो मिस्त्री कायले झाला, हे मला फार उशिरा उमगलं. जिथं जुनं लोखंड दिसेल तिथं तो बापाचं इंजीन शोधत होता.

आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला दोनेक वर्षं झाली असतील. जिनिंगमधलं सरकीचं जुनं गोदाम रिकामं करायला काढलं, तर पोत्यांमागून मोडक्या मोटारीची चाकं आणि दोन इंजिनं निघाली. मी गुलाबला निरोप धाडला. तो आला, एका इंजिनावर हात ठेवला आणि "हेच! हेच माह्या बापाचं!" म्हणून जो रडला! लगेच नारळ फोडला, हमालांना खोबरं वाटलं. मग रॉकेलनं इंजीन पुसायला घेतलं आणि त्याचा हात मंदावला. चारही सिलिंडर एकाच ठोकळ्यात ओतलेले होते. बापाच्या मोटारीत दोन-दोनचे वेगळे ठोकळे होते, एवढं त्याला लहानपणापासून पक्कं ठाऊक. दुसरं इंजीन तर पंपाचं निघालं. "नारळ वाया गेला बे किसन," एवढंच बोलला. इतका खचलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

गोदामाच्या कोपऱ्यात हमालांचा मारुती होता, शेंदरानं थापलेला, कमरेएवढा. भलत्याच इंजिनापुढं नारळ फोडला म्हणून माफी मागायला गुलाब त्याच्यापुढं जाऊन बसला. बसला तो उठेचना. मग हळूच म्हणाला, "किसन, ह्या मारुतीले दोन खांदे सारखेच काहून हायेत? अन् डोकं कुठं हाय?"

दसऱ्याला जिनिंगमध्ये यंत्रापासून तराजूपर्यंत सगळ्यांची पूजा होते. मोटारीतून काढून ठेवलेल्या इंजिनालाही कोणीतरी टिळा लावला असेल. थरावर थर चढले, जुने हमाल गेले, नव्यांनी हात जोडले. आमच्याकडे एकदा शेंदूर लागला की, बाबा तू कोण, असं कोणी विचारत नाही. ते कोणी काढून ठेवलं, हे सांगणारंही कोणी उरलं नव्हतं.

पण शेंदूर खरवडणार कोण? हमालांचा जमादार माझ्याकडे पाहून म्हणाला, "किसनभाऊ, तुम्ही तं देव सोडले. तुमच्यानं होते हे काम." माझं डोकंच फिरलं. देव सोडले होते, अक्कल नव्हती सोडली! उद्या कापसाला आग लागली असती तर नाव कोणाचं आलं असतं? गुलाबच आडवा आला. "एका आळानं माहा बाप गेला. आता किसनवर नोको."

शेवटी त्याची याडी, म्हणजे आई, तांड्यावरून आली. तिच्या एकाच पायात पितळी वाळा होता. दुसरा नवऱ्यानं लोहाराकडून वितळवून इंजिनाची भेग बुजवायला वापरला, हे ती जन्मभर सांगत आली आणि लोक हसत आले. ती जमादाराला म्हणाली, "देव नाही काढत मी, बाप्पा. खोळ जड झाली देवाची, तेवढी उतरवतो." शेंदराची खोळ उतरवून नदीत सोडायची रीत सगळ्यांनाच ठाऊक, जमादार बाजूला झाला. म्हातारीनं गरम तेल सोडत बोटांनी थर मोकळे केले. लाल खपल्या पदरात जमत गेल्या. खालून काळं लोखंड निघालं, आणि मागच्या ठोकळ्यावर बोटभर लांब पितळेची रेघ. "माहा वाळा," ती म्हणाली आणि त्यावर बोट फिरवत राहिली. बढाई मारायला एवढी जागा असताना गुलाब खाली बसून सांडलेल्या खपल्या वेचत होता. ओरडत लोकांना बोलवायला मीच धावत सुटलो.

तांड्याचा नायक आला, बाजारातली माणसं आली. बोट दाखवणारे बरेच मेले होते. उरलेल्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मालक म्हणाले, घेऊन जा इंजीन. गुलाबनं साफ नाही म्हटलं. "घरी नेलं तं लोक म्हणतीन, पाह्य, शेवटी नेलंच!" पुढच्या दसऱ्याला हमालांनी पुन्हा शेंदूर कालवला. गुलाबनं हरकत घेतली नाही; फक्त पितळेच्या रेघेवर तळहात ठेवून उभा राहिला, तेवढी जागा कोरी राहिली. मग दर दसऱ्याला त्याचं हेच.

याडी जाऊनही आता काही वर्षं झाली. परवाच्या दसऱ्याला माझं पाऊल सहज गोदामाकडे वळलं. आता कोण उभं राहणार तिथं? आत पाहतो तर थकलेला जमादार पितळेवर आपला तळहात दाबून उभा, आणि कामावर नवा लागलेला हमाल भोवतीनं शेंदूर लावून राह्यला होता.

"एवढं काहून सोडायचं?" नव्यानं विचारलं.

"राठोडाचं इंजीन हाय हे," जमादार म्हणाला. "त्यानं विकलं नव्हतं."