पाचवीतल्या कमळीचा इंग्रजी अर्ज

पाचवीला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला किस्से जमवावे लागत नाहीत, ते घरात धूळ साठावी तसे आपोआप साठतात! नव्वदच्या आसपास मी बदलापूरच्या एका शाळेत होते. तेव्हा इंग्रजी पाचवीतच सुरू व्हायचं. शाळा सुटली की व्हरांड्यात तासभर सराव. काय दिवस होते हो ते!

* * *

एकदा उतारा होता: राजूचे बाबा दहा वाजता कामाला जातात. खाली प्रश्न, किती वाजता जातात? निम्म्या वर्गानं लिहिलं, सात!

यांचे बाप अंबरनाथच्या कारखान्यात. मी विन्याला उभं केलं, पुस्तकात दहा दिसत नाही का म्हणून विचारलं.

"दिसतं बाई. पण दहाला गेले तर गेटवर आत कोण घेईल?"

* * *

'माय फादर' हा निबंध सगळ्यांनी गाइडातून पाठ केलेला. त्यामुळे वर्गातले झाडून सगळे बाप डॉक्टर! फक्त एकानं शेतकरी लिहिलं. मला बरं वाटलं, निदान एक तरी पोरगं खरं बोललं. मग कळलं, तो गावातल्या डॉक्टरांचा मुलगा. त्याचं गाइड वेगळं होतं.

* * *

आमची कमळी जांभूळ गावाकडची. आदल्या वर्षी भातलावणीला पंधरा दिवस घरी राहिली आणि पटावरून नाव गेलं. परत घालेपर्यंत दिवाळी आली, वर्ष बुडालं आणि ती पुन्हा पाचवीतच बसली. यंदा हेडसरांनी आधीच बजावलं, पुन्हा दांडी मारली तर नाव कमी. बाप म्हणायचा, पुन्हा नाव कापलं तर पोरगी घरीच राहील.

म्हणून मी तिच्या घरी गेले. दारात तिची चिमुरडी बहीण आडवी. "मे आय कम इन" म्हटल्याशिवाय बाईंनाही आत सोडेना! म्हटलं बाई एकदाचं.

बापाला खूप समजावलं. तो बिचारा खाली मान घालून ऐकत होता, पण लावणीला माणसं कमी होती. करणार काय?

* * *

लावणी तोंडावर आली. आता रजेचा अर्ज एवढाच उपाय उरला होता. वर्गात सगळ्यांना इंग्रजीतला एकच अर्ज पाठ, तापाचा. मीच कमळीला हळूच म्हटलं, तोच लिही, सगळे लिहितात.

"पण बाई, मला ताप कुठे आलाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती कोपऱ्यात बसली, स्वतःच काहीतरी खरडलं आणि तो कागद घेऊन आम्ही दोघी हेडसरांकडे गेलो.

अर्जात एवढंच होतं: "राईस विल नॉट वेट. स्कूल प्लीज वेट. आय विल कम."

हेडसरांनी दोनदा वाचलं. कुठल्या गाइडातलं, विचारलं. मी म्हटलं, कुठल्याच नाही. चष्मा काढून ते बराच वेळ पुसत बसले. मग हजेरीपट माझ्याकडे सरकवला.

"बाई, हिची गैरहजेरी पेन्सिलीनं मांडा."